समोरची रांग

"मग तिकडे बसतं कोण?"

इनास रुमावनं हे विचारलं तेव्हा त्याला मठात येऊन जेमतेम आठवडा झाला होता.

मठाचे प्रमुख फादर ओथमार वेदीवरच्या मेणबत्तीच्या दाणीवरचं वाळलेलं मेण नखानं खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठं?"

"समोरच्या रांगेत. तिथं एकही माणूस नसतो. तरी प्रार्थनेआधी तिथल्या सगळ्या बैठका खाली पाडून ठेवायच्या, असं मला ब्रदर कासियननी सांगितलंय. कशासाठी?"

"बसायला."

"कुणाला?"

फादर मेण खरवडत राहिले...

या रांगांचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच उमगणार नाही.

आल्प्सच्या डोंगरात एका खिंडीच्या तोंडाशी हा मठ आहे. शेकडो वर्षांचा, जाड दगडी भिंतींचा. उन्हाळ्यात प्रवाशांच्या बसगाड्या येतात. लोक माना मोडेपर्यंत छताकडे बघतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि खाली गावात जाऊन चीज खातात. हिवाळ्यात मात्र तिकडे कुणी फिरकत नाही. धुकं उतरलं की अंगणातून चर्चचं दारही दिसत नाही.

चर्चमध्ये वेदीच्या अलीकडे लाकडी आसनांच्या दोन रांगा समोरासमोर आहेत. आसनांच्या बैठका भिंतीकडे मिटतात. त्या हातानं खाली पाडाव्या लागतात आणि हातानंच वर कराव्या लागतात, आपसूक काही होत नाही. मठवासी दिवसातून अनेकदा तिथं जमून स्तोत्रं गातात. एक ओळ या रांगेनं गायची, पुढची ओळ समोरच्या रांगेनं. ही पद्धत पुष्कळ मठांमध्ये आहे.

या मठात मात्र एकच रांग गाते.

फार पूर्वी एका हिवाळ्यात डोंगरावरून बर्फाचा कडा सुटला आणि मठाची उत्तरेकडची बाजू घेऊन गेला. झोपायच्या खोल्याही रांगांप्रमाणेच वाटलेल्या होत्या, त्यामुळे गेली ती अख्खी एक रांग गेली. उरलेले दुसऱ्या सकाळी मोडक्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमले. पहिली ओळ गायले आणि सवयीनं थांबले.

समोरून ओळ आली नाही.

पण ती ओळ स्वतः गाऊन पुढं जायचा धीर कुणालाच झाला नाही. ओळीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते गप्प राहिले आणि मग आपली पुढची ओळ गायले.

त्यानंतर कितीतरी पिढ्या मातीत गेल्या. रिवाज तोच राहिला. एक ओळ आवाजाची, एक ओळ शांततेची. खालच्या गावातले लोक या मठाला 'अर्धा मठ' म्हणतात.

आता आमच्या वसईचा माणूस आणि गप्प बसणं, या दोन गोष्टींचं फारसं जमत नाही. त्यातून इनास तर गाणारा. गावच्या चर्चच्या गायनवृंदात तो असा गायचा की लग्नाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, लोक नवरीकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत शिकला, लॅटिन शिकला, पदव्या मिळवल्या. स्वतःच्या आवाजाचा आणि अकलेचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायची गरज त्याला कधी वाटली नाही.

मग त्याची आई वारली.

घरी उरले तो आणि त्याचा बा, दुमिंग रुमाव. केळीची वाडी करणारा, मोजकं बोलणारा माणूस. तिच्या महिन्याची मिस्सा झाली आणि त्याच दिवशी इनासनं सांगितलं, "मी युरोपात एका मठात जातोय. बहुतेक कायमचा."

बा ओट्यावर बसून केळीच्या खोडाचं सोपट सोलत होता.

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. 'जाऊ नको' नाही, 'परत ये' नाही. इनासला ते जिव्हारी लागलं. निघताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही आणि पोचल्यावर फोनही केला नाही. बानंही केला नाही. दोघं एकाच मातीचे. आधी कुणी बोलायचं यावर अडून बसलेले.

असा हा इनास मठात आला आणि गाणाऱ्या रांगेच्या टोकाला बसला.

पहिल्यापासून त्याची एक गोष्ट चुकायची. शांततेची ओळ संपली की सगळे म्हातारे एकाच क्षणी सुरू व्हायचे. खूण नाही, मानेचा झोका नाही. इनास मात्र कधी आधी सुरू व्हायचा, कधी मागून. जन्मात कधी सूर-ताल चुकला नव्हता त्याचा. इथं तो रोज चुकायचा, आणि कुणी काही बोलायचं नाही. त्यानं तो जास्तच चिडायचा.

एके दिवशी प्रार्थनेनंतर फादर ओथमारनी त्याला थांबवलं.

"तू त्यांची ओळ म्हणतोस."

"कुणाची?"

"समोरच्यांची."

"मी तोंड उघडत नाही, फादर."

"मनात म्हणतोस."

इनास जरा ओशाळला. "मनात म्हणतो. त्याशिवाय ओळ कधी संपली हे कसं कळणार?"

"संपली की कळतं."

"कसं?"

"ऐकून."

इनास हसला. मग त्याच्या लक्षात आलं की फादर हसत नाहीयेत.

फादर चर्चच्या दाराकडे गेले आणि त्यांनी दार सताड उघडलं. बाहेरून धुकं आणि गारठा आत आला. फादर बाजूला होऊन उभे राहिले, पाहुणा येणार असला की उभं राहतात तसे.

बराच वेळ गेला...

इनासला राहवेना. तो दारात गेला आणि बाहेर डोकावून पाहू लागला. "कोण येणार आहे, फादर?"

"आता कुणी नाही," फादर म्हणाले. "दारात तू उभा आहेस."

त्यांनी दार लावून घेतलं.

* * *

दोन वर्षं गेली. इनासला कायमचं व्रत घ्यायचं होतं. तिथला नियम असा की ते व्रत घेतलं की माणूस पुन्हा खिंड उतरत नाही. जगायचं तिथं, मरायचं तिथं, पुरलं जायचं तेही तिथंच. ज्याला घर नको झालंय त्याला याहून सोयीचं काय असणार?

"या वर्षी तरी मला व्रत द्या," तो फादरांना म्हणाला.

"समोरची ओळ ऐकू आली?"

"म्हणजे?"

"ऐकू आली की ये. मी नाही म्हणणार नाही."

इनास खोलीत गेला आणि रात्रभर तळमळला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेनंतर तो फादरांसमोर येऊन उभा राहिला.

"ऐकू आली."

"काय म्हणाले?"

इनासनं त्या स्तोत्राची ती ओळ खणखणीत लॅटिनमध्ये म्हणून दाखवली. एक अक्षर चुकलं नाही.

"हे पुस्तकात आहे," फादर म्हणाले आणि निघून गेले.

इनासच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. खोटं पकडलं गेलं याचं त्याला एवढं वाटलं नाही. फादर रागावलेसुद्धा नाहीत, याचं वाटलं.

त्यानंतर त्याला त्या रांगेची भीती वाटू लागली. आधी तो बैठका खाली पाडायचा तो भांडी घासावीत तसा, खाडखाड. आता तो एकेक बैठक धरून हळू टेकवू लागला. त्यात त्याच्या ध्यानात आलं की तिथलं लाकूड गुळगुळीत आहे. हात टेकायच्या जागा तर चांगल्याच झिजलेल्या. बर्फाचा कडा कोसळला तेव्हा चर्चची ही बाजूही पडली होती आणि आसनं नव्यानं केली होती, हे त्यानं ऐकलं होतं. म्हणजे नव्या आसनांवर कुणी कधी बसलंच नव्हतं.

थंडी पडल्यावर आणखी एक झालं. गाताना मठवाशांच्या तोंडातून वाफ निघायची. शांततेची ओळ आली की ती विरायची. एकदा इनासनं डोळे उघडून समोर पाहिलं, तर वाफ समोरच्या आसनांवर होती. रांगेनं, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, थोडी थोडी.

त्यानं डोळे मिटून घेतले. आपलीच वाफ वाऱ्यानं तिकडे गेली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. खिडक्या बंद होत्या.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात तो ब्रदर कासियनबरोबर बटाटे सोलत होता. ब्रदर कासियन मठातले सगळ्यात म्हातारे.

"ब्रदर, एक विचारू? तुम्ही या वयात रोज समोरच्या रांगेतल्या बैठका वर करता. उद्यापासून मी करत जाईन."

ब्रदर कासियनचा चाकू थांबला.

"मी नाही करत," ते म्हणाले. "मला वाटलं, तू करतोस."

त्यांनी चाकू पुन्हा बटाट्याला लावला.

"बटाटे सोल," ब्रदर कासियन म्हणाले.

* * *

नोव्हेंबर लागला. सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस होता तो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला व्रत द्यायचं हे फादर त्या संध्याकाळी सांगणार होते. इनासनं मनातून आशा सोडली होती. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या. थकला होता तो. ऐकायचा प्रयत्न करून करून कान दुखायला लागले होते.

दुपारची प्रार्थना सुरू झाली. धुकं इतकं होतं की खिडक्यांच्या रंगीत काचा राखाडी दिसत होत्या.

त्यांची रांग पहिली ओळ गायली आणि थांबली.

इनास त्या दिवशी मनात ओळ म्हणायलाही विसरला. पहिल्यांदाच. तो नुसता बसून राहिला, डोकं रिकामं करून.

समोरून कुणीतरी घसा खाकरला.

ते खाकरणं तो ओळखत होता. आधी एकदा मोठ्यानं, मग एकदा हळू. त्यानंतर आवाज आला. लॅटिन नाही. स्तोत्र नाही. घोगरा, संथ, शेवट लांबवणारा आवाज.

"नमो मारिये..."

आपल्याकडे घरोघरी रोझरी कशी म्हणतात, ते वसईकराला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना. दिवेलागणीला घर एकत्र बसतं. घरातलं वडीलधारं माणूस 'नमो मारिया'ची पहिली अर्धी प्रार्थना म्हणतं आणि थांबतं. मग बाकीच्यांनी 'पवित्र मारिये' म्हणत दुसरी अर्धी पुरी करायची. मग पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी, माळ संपेपर्यंत. इनासला बोलता येऊ लागल्यापासून त्यांच्या घरात पहिली अर्धी बाची होती. दुसरी अर्धी आईची आणि इनासची.

समोरचा आवाज अर्ध्यापर्यंत आला. येशूचं नाव घेऊन थांबला.

आणि थांबून राहिला...

त्या थांबण्यानं इनास मुळापासून हलला. माणूस बोलणं संपवून गप्प होतो ते वेगळं, आणि पुढचं कुणीतरी बोलेल म्हणून गप्प राहतो ते वेगळं. हे दुसरं होतं.

मठवाशांनी आपली ओळ सुरू केली. इनास त्यांच्याबरोबर गाऊ शकला नाही. ओळ संपली, शांतता आली, आणि समोरून पुन्हा तेच. खाकरणं. पहिली अर्धी. थांबणं. शेजारचे म्हातारे डोळे मिटून बसले होते. त्यांना काय ऐकू येत होतं, देव जाणे.

बा गेला, असं इनासच्या मनात आलं. त्याशिवाय तो त्या रांगेत कसा येईल? बा गेला, आणि मी एक फोन केला नाही.

चालू प्रार्थनेतून उठून जाऊ नये. इनास उठला. त्याच्या धक्क्यानं बैठक फाडकन वर जाऊन आदळली आणि तो धावत सुटला.

मठात एकच टेलिफोन होता, फाटकाजवळच्या खोलीत. घरचा नंबर त्याच्या बोटांना पाठ होता, पण तो लावायचा त्याला धीर झाला नाही. तिथं कुणी उचललाच नाही तर? त्यानं शेजारच्या इजाबेल मावशीचा नंबर लावला. खूप वेळ घंटा वाजत राहिली.

"कोण?"

"मावशी, मी इनास."

पलीकडे काहीतरी खाली आपटलं. मग मावशी ओरडली, "अरे मेल्या! जिवंत आहेस होय तू? आम्ही तर तुझ्या नावानं मेणबत्ती लावायचीच काय ती बाकी ठेवली होती!"

"मावशी, बा... बा कधी गेला?"

"कुठं गेला? कुठं जातोय तो! बसलाय ओट्यावर. दिवेलागण झाली इकडे, रोझरी चाललीय त्याची. मला इथून दिसतोय."

इनास खाली बसला. फरशी गार होती. इथली दुपार म्हणजे तिकडची दिवेलागण, हे त्याला दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"एकटाच म्हणतो?"

"एकटाच. आणि कसा म्हणतो ठाऊक आहे? अर्धीच. पहिली अर्धी म्हणतो नि थांबतो. गप्प बसून राहतो. मग पुन्हा पहिली अर्धी. अख्खी माळ तशीच ओढतो. मी म्हटलं, दुमिंगदादा, असं भुतासारखं काय करता? मी येते, मी म्हणते दुसरी अर्धी. तर म्हणतो कसा, नको. ती पोराची आहे."

इनासनं फोन कानाशी घट्ट धरला.

"लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण तसं काही नाही हां. बाकी सगळं व्यवस्थित करतो. वाडी करतो, बाजारात जातो. फक्त संध्याकाळी त्या रिकाम्या पाटाकडे तोंड करून बसतो. तुझा पाट मांडतो समोर. रोज. थांब, फोन तिकडे नेते, ऐक."

पावलं वाजली. कुत्रं भुंकलं. मावशीनं हात लांब केला असावा, कारण एकदम वारा ऐकू आला, केळीच्या पानांत असतो तसा. त्या वाऱ्यातून बा खाकरला. आधी मोठ्यानं, मग हळू.

"नमो मारिये..."

तोच आवाज. तोच लांबवलेला शेवट. अर्ध्यावर आला आणि थांबला.

इनासनं तोंड उघडलं. दुसऱ्या अर्ध्याचा पहिला शब्द त्याच्या जिभेवर होता. हाच गळा लग्नाच्या मिस्सेत सगळं चर्च भरून टाकायचा. आता त्यातून साधा श्वास निघेना.

"बोलतोस का त्याच्याशी?" मावशीनं विचारलं. "हाक मारू?"

इनासनं फोन ठेवून दिला.

* * *

फाटकाजवळच्या खोलीत कितीतरी वेळ बसून तो चर्चमध्ये परत आला तेव्हा दुपारची प्रार्थना कधीच संपून गेली होती. खिडक्यांबाहेर काळोख दाटायला लागला होता. मठवासी निघून गेले होते. फादर ओथमार एकटेच गाणाऱ्या रांगेजवळ उभे होते. हातात एक मेणबत्ती.

"ऐकू आली," इनास म्हणाला.

फादरांनी या वेळी 'काय म्हणाले' असं विचारलं नाही.

"माझा बाप होता."

"हं."

"पण तो मेलेला नाही, फादर! मी फोनवर ऐकलं. जिवंत आहे, घरी आहे, ओट्यावर बसलाय. मग इथं कसा आला?" इनासचा आवाज चढला. "त्या रांगेत मेलेली माणसं बसतात ना?"

"कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"आमच्या रांगेतले सगळे," फादर म्हणाले. "त्यांच्या रांगेला कुणी विचारलं नाही."

इनासनं समोर पाहिलं. बैठका अजून खाली होत्या. सगळ्या.

"मला भीती वाटते, फादर."

"कशाची?"

"तो वेडा झालाय असं लोक म्हणतात. रिकाम्या पाटाशी बोलतो. दोन वर्षं. रोज..." त्याला हुंदका आला. "मला वाटलं होतं, त्याला मी नकोच आहे. तो नुसतं 'बरं' म्हणाला होता. मी तरी काय समजायचं?"

फादरांनी मेणबत्ती समोरच्या रांगेकडे धरली.

"जा. बस तिथं."

"तिथं?"

"हो."

"तिथं कुणी बसत नाही."

"बस."

इनास गेला. दोन रांगांमधलं अंतर फार नाही, माणूस चार ढांगांत ओलांडेल. त्यानं ते एकेक पाऊल टाकत ओलांडलं. आपल्या जागेच्या बरोबर समोरच्या आसनापाशी तो थांबला. मग डोळे मिटून खाली बसला.

बैठक उबदार होती.

तो दचकून उठणार होता. पण फादरांनी हात वर केला आणि तो तसाच बसून राहिला, दोन्ही हात त्या झिजलेल्या लाकडावर टेकवून. हात तिथं नेमके बसले. शेजारच्या आसनावर लाकूड अगदी हळू करकरलं, कुणीतरी सरकून जागा द्यावी तसं. इनासनं तिकडे पाहिलं नाही.

"काय दिसतं तिथून?" फादरांनी विचारलं.

इनासनं पाहिलं. समोर अंधारात मिटलेल्या बैठकांची एक लांब रांग होती. टोकाला त्याची स्वतःची जागा. तिथं कुणी नव्हतं.

"रिकामी रांग," तो म्हणाला.

त्याच्या तोंडातून वाफ निघाली आणि हवेत राहिली...

"उद्या सकाळी," इनास म्हणाला, "तुम्ही मला व्रत देणार होता. ऐकू आली की ये, म्हणाला होता."

"म्हणालो होतो. अजूनही नाही म्हणणार नाही."

"मग... मी काय करू?"

फादर ओथमार रांगेच्या टोकाला गेले. इनासच्या जागेची बैठक त्यांनी दोन्ही हातांनी खाली केली, हळू, आवाज न होऊ देता. मग मेणबत्ती फुंकली. काळोखातून त्यांचा आवाज आला.

"त्यांची ओळ झाली, इनास. आता पाळी कुणाची?"